तीन खिळे आणि साबणाचा पडदा

४ जाने., रवि. पालीजवळ, सासरी.
वरची टाकी झाली एकदाची. पाईप मात्र ५४० मीटर, त्यापुढं एक वीत मिळणार नाही. टाकीपासून खालची वाडी ३००, पल्याडची वाडीही ३००, दोन वाड्यांमधलं अंतरही तेवढंच. बैठकीत ठरलं, नळ खालच्या वाडीला. पल्याडच्यांना ठेंगा! आत्याबाई, माझ्या सासूबाई, राहतात तिथं. सत्तरी ओलांडली तरी रोज झऱ्यावरून कळशी. मी तणतणले. हे म्हणाले, "पाईप काय ताणून वाढतो?"

५ जाने. भोर.
आठवीच्या वर्गात फुगे उडवले साबणाचे. फुगा गोलच का? तेवढी हवा कोंडायला सगळ्यात कमी पडदा गोलालाच लागतो म्हणून. मंडपासारखी मोठी कापडी छपरं बांधतानाही आधी साबणाचा पडदा करून बघतात, हेही सांगितलं. "साबण महा चेंगट असतो," मी म्हणाले आणि खडू खाली ठेवला. अगं बाई, मला चेंगटच हवाय की!

घरी दोन काचा, मधे सेंटीमीटरला वीस मीटर धरून तीन खिळे: टाकी, खालची, पल्याडची. साबणाच्या पाण्यात बुडवून काढलं. खिळ्यांवरून तीन पडदे निघाले नि मधे एका जागी भेटले, तिन्ही कोन सारखे, १२०. मोजलं. ५२०! बसतोय पाईप, दोन्ही वाड्यांना बसतोय! ह्यांना स्वयंपाकघरातून ओढून आणलं. "भात करपेल अगं." करपला.

११ जाने., रवि.
दत्ताभावजी, ह्यांचे चुलतभाऊ, प्लंबर. काचा बघून म्हणाले, "वयनी, दुकानात सरळ टी मिळतो. असला तिरका सांधा म्या कुठनं आनू?" पाईप वाकतो की, म्हटलं, टीला जोडून हळूच वळवा. दिवसभर दोरी धरून रान मोजलं. चढउतार धरून ५२६. सांध्याची जागा करवंदीच्या जाळीत आली, तिथं खुंटी ठोकली. दहा जण उभे होते, सगळ्यांनी माना डोलावल्या.

१४ जाने.
आत्याबाईंकडं हळदीकुंकू. तिळगूळ राहिला बाजूला, बाया काचाच बुडवत बसल्या. खालच्या वाडीची एक म्हणाली, "आमचं पानी निम्मं व्हईल की." आत्याबाई: "पाळीनं घेऊ गं. माझ्यासंगं एक दिस झऱ्यावर चल, मग बोल." ती हसली. खालची वाडी खणायला येणार!!

१८ जाने., रवि.
तिन्ही बाजूंनी चर आले आणि जाळीपाशी थांबले. कुदळी खाली. का थांबलात? शेवटी दत्ताभावजी: "जाळीत म्हसोबा हाय. तितं कुदळ लावत न्हाईत."
मग खुंटी ठोकली तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं?
"तुमी मास्तरीन. वाटलं, तुमाला ठावं आसंल."
डोकंच फिरलं. चार दिवसांची खणाई, आणि ह्यांना भीड माझी! रडू आलं, खरंच आलं. मग तिथंच दगडावर बसून गणित मांडलं. सांधा दहा फूट सरकवला तर पाईप किती वाढेल? चार सेंटीमीटर! परत केलं. चारच. वीतभरसुद्धा नाही. सगळ्यात कमी लांबीच्या आसपास थोडं इकडंतिकडं झालं तरी फरक जवळजवळ पडतच नाही. वर्गात दहादा सांगितलंय हे, अंगात आज शिरलं. ओरडलेच, "सरकवा! देवाला बसू दे निवांत!" दत्ताभावजींनी नारळ फोडला, संध्याकाळपर्यंत चर जुळले.

२५ जाने., रवि.
पाईप पुरला. उरलासुद्धा! खालच्या वाडीत पाणी आलं, पोरं नाचली. आम्ही सगळे पल्याडच्या नळापाशी. फुसफुस... फुसफुस... नुसती हवा. तास झाला. दत्ताभावजी म्हणाले, चढावर हवा अडकलीय, आणि पान्हा घेऊन लाईन तपासत वर गेले. चढ मी मोजला होता, हवेचा विचार केलाच नव्हता. गाढव मी.

घरात पाणी तळाला, कळशीभरही नाही. आत्याबाईंना म्हटलं, मी जाऊन येते झऱ्यावर, उजेड आहे तोवर. त्यांनी माझ्या हातातली कळशी काढून घेतली नि नळाखाली ठेवली. "तू म्हनलीस न्हवं, येतंय? मग कशाला जायाचं?" आणि पाट घेऊन तिथंच बसल्या.
मीही बसलेय शेजारी, हे लिहीत. नळ अजून फुसफुसतोय.