सही-शिक्क्यानिशी सोडलेली दारू

मंगळवार, १ जानेवारी १९९१. सकाळी ६.४०
दात घासता घासता निर्णय घेतला. दारू बंद.

मुळात मी दारुड्या नाही. डाळ मिलच्या वजनकाट्यावर दिवसभर धूळ खावी लागते, म्हणून संध्याकाळी घशासाठी एक क्वार्टर. काल पौर्णिमेला मेहरूणच्या विहारात वंदना झाली. पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाच्या वेळी मला नेमका खोकला आला. शेजारच्या आक्काबाईंनी वळून पाहिले. खोकला धुळीचाच आहे.

इंदिरा मुलीला घेऊन माहेरी, सावद्याला गेली त्याला दीड महिना झाला. सासरे आधार आबा यांचा निरोप आला: दारू सोडणाऱ्यांच्या गटात महिनाभर जाऊन बसा, मग दोघींना पाठवतो. अट सोपी आहे. महिन्यात रविवार चारच.

गुरुवार, ३ जानेवारी
असा गट जळगावातही भरतो. पण तिथे ओळखीचे कोणी भेटले तर त्यांना वाटेल मी पितो. धुळ्याचा गट निवडला.

रविवार, ६ जानेवारी. धुळे स्टँड, संध्याकाळी ७
रिक्षावाल्याला गटाचे नाव सांगायला संकोच वाटला. पिणारे लोक जमतात तिकडे घे, म्हणालो. त्याने देशीच्या दुकानासमोर उतरवले. पत्ता विचारण्यापुरता आत गेलो. उशीर झाला. हा रविवार हजेरीत धरण्यास हरकत नाही, कारण धुळ्यात होतो.

रविवार, १३ जानेवारी
गट सापडला. शाळेचा वर्ग, सतरंजी, स्टोव्ह. प्रमुख कोणी नाही, पण सगळे झुलालभाऊंचे ऐकतात. ते पूर्वी ट्रक चालवायचे. एकेक जण उठून नाव सांगतो आणि मी दारुड्या आहे म्हणतो. चांगल्या घरचे लोक असे बोलतात याचे नवल वाटले.

माझी पाळी आली. मी एका मित्रासाठी माहिती घ्यायला आलोय, असे स्पष्ट केले. झुलालभाऊंनी मित्राला रामराम सांगितला आणि मला बसवून घेतले. सतरंजी वाकडी होती, सरळ केली. चहा पाणचट होता. पुढच्या वेळेपासून मी करीन, असे सांगितले.

बुधवार, १६ जानेवारी
मित्राची प्रगती उत्तम. परवा मिलमध्ये तीळगूळ वाटला, त्याने तोंड फारच गोड झाले. उतारा म्हणून थोडी घ्यावी लागली.

रविवार, २० जानेवारी
चहाची वाहवा झाली. परंतु गटाला शिस्त नाही. हजेरीपट नाही, शिक्का नाही. मग माणूस आला होता हे घरी सिद्ध कसे करणार? झुलालभाऊंकडे दाखला मागितला. सगळे हसले. घरचे लोक तोंडाचा वास घेतात तोच दाखला, असे झुलालभाऊंचे म्हणणे पडले. कोणत्याही कचेरीत हे चालणार नाही.

शुक्रवार, २५ जानेवारी
शिक्का करून घेतला. गोल. मजकूरही तयार केला: ‘दाखला देण्यात येतो की, श्री. भिकन हे दर रविवारी हजर राहिले. वर्तणूक चांगली.’ झुलालभाऊंची सही त्यांच्या वतीने मीच डाव्या हाताने केली. शिक्का सुरेख उमटला. त्या आनंदात अर्धी क्वार्टर. शेवटची.

रविवार, २७ जानेवारी. सावदा
दाखला हातात असल्यावर धुळ्याला जाण्याचे कारण उरले नाही. थेट सावद्याला आलो. दाराशी इंदिराची भरलेली पिशवी दिसली. मुलीला नवा फ्रॉक घातलेला.

आबांनी चष्मा लावून दाखला दोनदा वाचला. अक्षराचे कौतुक केले. मग हळूच म्हणाले, “जावईबापू, नऊ वरसं झाले, मी भुसावळच्या गटात जातो. दाखला देत नही तठी कोनी.”

ते दर आठवड्याला भुसावळला केळीच्या वॅगनींसाठी जातात, असा माझा समज होता.

इंदिराने कागद घेतला. वर्तणूक चांगली, हे कोणी ठरवलं, एवढेच विचारले. मग पिशवी उचलून आत नेली.

एकटाच परतलो. बस वेळेवर होती.

रविवार, ३ फेब्रुवारी. धुळे, संध्याकाळी ६.१५
आठवड्यात तीनदा प्यायलो. कारण लिहीत नाही.

आज गटात बोलण्यासाठी दोन पाने भाषण लिहून नेले होते. स्टोव्हवर चहा ठेवला आणि माझी पाळी आली. उठलो. पाने उलटी धरली गेली. शेवटी एवढेच बोललो: “मी भिकन. मी दारुड्या आहे.”

आता सगळे स्तब्ध होतील, कोणी डोळे पुसेल, असे वाटले होते. झुलालभाऊंनी मानही वर केली नाही.

“हाई बठ्ठासले पहिलाच दिनपाईन माहीत शे, भाऊ. चहा उतू जाई ऱ्हायना, तो देख.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होते. धावलो. अर्धे पातेले स्टोव्हवर गेले होते. उरलेला चहा अर्धा अर्धा कप पुरवला. माझ्यासाठी उरला नाही, तर झुलालभाऊंनी त्यांच्या कपातला बशीत ओतून दिला.

खर्च: एसटी येणे-जाणे ३२ रुपये. शिक्का २२ (वाया).
देणे: गटाचे सांडलेले दूध, अर्धा लिटर, ४ रुपये. खिशात सुटे नव्हते. उधारी ठेवणे माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे येत्या रविवारी केवळ तेवढ्यासाठी जावे लागेल.