दिवसातून तीनदा तपासणी

८ सप्टेंबर, सकाळी ६
दहा माद्या आणि दोन नर आले. हायब्रिड जात, तीन महिन्यांत दोन किलो भरते. माद्या आजच नरांकडे सोडल्या. एकतीस दिवसांनी विणार. प्रत्येकी आठ पिल्लं, म्हणजे ऐंशी. हॉटेलवाल्याला जानेवारीपासून दर आठवड्याला वीस ससे हवेत. हे म्हणाले, कागदावर तरी ऐंशी गोंडस दिसतात. यांना थट्टेपलीकडे काही सुचत नाही. मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले आहे.

त्याच दिवशी, दुपारी
शेडच्या दारावर वेळापत्रक लावलं. खाली सहीचा रकाना. तीस वर्षं शाळा चालवली. बारा ससे चालवायला काय लागतं?

२ ऑक्टोबर
धाकटी बाळंतपणासाठी आली. आठवा महिना. (थोरलीने सासरी केलं. का, ते कधी सांगितलं नाही.) हिच्याही खोलीत वेळापत्रक लावलं: दूध, चालणं, झोप, वजन. वाचून म्हणाली, आई, माझा पिंजरा कितवा? हजरजबाबीपणा माझ्याकडून गेलाय.

९ ऑक्टोबर
मादी क्र. ३ ने काल छातीचे केस उपटून पेटीत अंथरले. आज सात पिल्लं. बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. जंतुनाशक साबणाने हात धुऊन एकेक उचललं, वजन केलं, वहीत लिहिलं. मादी कोपऱ्यात बसून मागचा पाय आपटत होती. कौतुकाने असावं.

१० ऑक्टोबर
सकाळी पाच पिल्लं. पुन्हा मोजली. पाचच. संध्याकाळी तीन.

११ ऑक्टोबर
एक. तेही अर्धं. मादी क्र. ३ च्या ओठांना तांबडं लागलं होतं. गाजर असणार. गाजर कुणी दिलं, हे यांना विचारलं. हे म्हणाले, कुणीच नाही. म्हणजे मुंगूस. शेडला कुलूप घातलं. आजपासून तपासणी दिवसातून तीनदा.

१४ ऑक्टोबर
जनावरांचा डॉक्टर आला. दारातच नाक वर करून उभा राहिला. म्हणाला, बाई, इथे दवाखान्याचा वास कसला येतोय? पेटीवर गोणपाट टाका आणि आठवडाभर तिकडे फिरकू नका, घाबरलेली आई पिल्लं ठेवत नाही. शाळेत आळशी मुलांची उत्तरं अशीच असायची. काहीही न करणं हा या डॉक्टरांचा इलाज. फी मात्र घेतली.
मादी क्र. ३ पुन्हा नराकडे सोडली.

१९ ऑक्टोबर
१, ५, ६ आणि ९ मिळून एकोणतीस पिल्लं झाली होती. आज चार. बाकीच्या माद्या व्याल्याच नाहीत. त्यांना शिस्त नाही. सापळा लावला. सापळ्यात काही नाही. कुलूप शाबूत. मुंगूस हुशार आहे. तपासणी पाच वेळा.
धाकटी शेडात आली होती. क्र. ५ च्या पेटीत बघत बराच वेळ उभी राहिली. पोटावर दोन्ही हात. काय बघतेस, विचारलं तर काही नाही म्हणाली. संध्याकाळी जेवली नाही. वजन करायला गेले, तर खोलीला आतून कडी.

२० ऑक्टोबर
दिवस भरत आलेल्या बाईने कडी लावणं धोक्याचं. सुताराला बोलावून काढून घेतली. त्याने दोनदा विचारलं, नक्की काढू ना?

२३ ऑक्टोबर
धाकटी दाराला आतून खुर्ची लावते. खुर्ची बाहेर आणून ठेवली. हिचं वजन अर्धा किलो उतरलं आहे. दूध वाढवलं. आता तिलाही पाच वेळा बघते. मी दारात गेले की ती भिंतीकडे तोंड करते. प्रकाश डोळ्यांवर येत असणार. पडदा बदलला.
शेवटची चार गेली. हॉटेलवाल्याला कळवलं: जानेवारीऐवजी मार्च. तो म्हणाला, बघू.

२७ ऑक्टोबर
जावई न सांगता आला. गाडी बंदसुद्धा केली नाही. म्हणाला, तिकडचं हॉस्पिटल जवळ पडतं. इकडचं त्याहून जवळ आहे, हे मी निदर्शनास आणलं. तो म्हणाला, हो. बॅग भरलेलीच होती. यांनी भरली होती.

१२ नोव्हेंबर
मुलगी झाली. तीन किलो. जावयाने फोनवर सांगितलं. काटा तपासलेला होता का, ते त्याला सांगता आलं नाही. उद्या निघते. क्र. ३ एक-दोन दिवसांत विणार, म्हणून यांना सगळं लिहून दिलं.

१५ नोव्हेंबर, विहीणबाईंकडे
तिसरा दिवस. चहा मिळतो, बसायला कोच मिळतो. बाळ झोपलंय, असं सांगतात. आतून रडणं ऐकू येत होतं. झोपलेलं बाळ असं रडत नाही, मी म्हणाले. विहीणबाई हसल्या. हात धुवायला उठले, तर म्हणाल्या, राहू द्या हो, बाळाला हात लावायचाच नाहीये.
काल दार चारेक बोटं उघडलं होतं. धाकटीने मला पाहिलं आणि बाळावर वाकली. सगळं बाळ तिच्याआड गेलं. दार लागलं. थकवा असणार.

१७ नोव्हेंबर
घरी परतले. वेळापत्रकावर यांची एकही सही नाही. पाच दिवस शेडात नुसता चारा-पाणी ठेवून बाहेर आले म्हणे. खडसावलं. क्र. ३ च्या पेटीवर गोणपाट होतं. टोक उचलून पाहिलं.
आठ.
आठही जिवंत. पोटं टम्म. एकमेकांवर चढून झोपलेली.
चारा तोच. पाणी तेच. मादी तीच. मुंगूस कुठे गेलं असेल, याचा विचार करत बराच वेळ उभी राहिले. मग गोणपाट सोडलं.
धाकटीला फोन करून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, हात घातलास का? नाही म्हणाले. खरंच? म्हणाली. खरंच. बाळाला बघायला कधी येऊ, विचारलं. म्हणाली, आम्ही बोलावू.
आम्ही म्हणाली.
दुपारचे दोन वाजले, तपासणीची वेळ. शेडात गेले नाही. दुसरं काही करायलाही नाही.