राउकाताउरीचं घर

३ ऑक्टोबर १९५७, गुरुवार

पोहोचलो एकदाचे! गाडीतून उतरल्या उतरल्या रिपेका बूट काढून ओढ्यात पाय सोडून बसली. कॅडवेल साहेबांच्या रोपवाटिकेची राखण माझ्याकडे आली आणि राहायला पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर मिळालं. आई गेल्यापासून आम्ही भावंडं काकाच्या घरी पाहुण्यासारखी राहिलो. आता चूल आमची. रिपेकाने कुमारा, म्हणजे आमची रताळी, उकडली, मी ओढ्यातली वाम भाजली. "दादा, चूल माझी, भांडी तुझी," असं ठणकावून ती अंथरुणावर आडवी झाली. पाऊणशे भांडी असल्यासारखा मी घासत बसलो.

५ ऑक्टोबर

सरूची सगळी रांग पिशवी-अळ्यांनी लगडली आहे. बोटाएवढी रेशमाची पिशवी, वरून काटक्या आणि पाला चिकटवलेला. अळी नुसतं डोकं बाहेर काढून खाते. मादी पतंगाला तर पंखच फुटत नाहीत; तिचा सगळा जन्म आतच, काळे नरच उडत तिच्याकडे येतात. आमच्या लोकांत या पिशवीला राउकाताउरीचं घर म्हणतात. बासरीची देवी आत राहते आणि सुराने नरांना बोलावते म्हणे. साहेबांना देवी-बिवी ठाऊक नाही: खुडायच्या, डब्यात भरायच्या, रॉकेल ओतून जाळायच्या. आज चार डबे झाले. रिपेकाने एक पिशवी कात्रीने कापायला घेतली, तर कात्रीचंच पातं वळलं.

६ ऑक्टोबर

दूध मागायला ओढ्यापलीकडे हाराता मावशीकडे गेलो. रोपवाटिका होण्याआधी ही जमीन तिच्या वडिलांची होती. तिने मला दारातच उभं केलं.

"तूच का रे तो? बायांची घरं जाळायला पगारी माणूस ठेवलाय म्हणे."

मी म्हणालो, मावशी, किडे आहेत ते.

"किडेच. तू कोण मोठा लागून गेलास?" तिने दूध दिलं नाही. दुकानदार विरेमूनेही चहाची पुडी फळीवर आपटली आणि पाठ फिरवली.

९ ऑक्टोबर

आज अकरा डबे. पेटवताना आतून आवाज आला, फुंकर घालून काढावा तसा बारीक, लांबलेला सूर. ओलं रेशीम तडतडलं असेल. रिपेकाने खिडकी लावून घेतली. दादा, उद्यापासून जाळू नकोस, म्हणाली. मी हसलो. नोकरी सोडून परत काकाच्या पायरीवर बसायचं का, असंही विचारलं. इतकं टोचून बोलायला नको होतं. ती जेवली नाही.

१२ ऑक्टोबर

रिकाम्या केलेल्या रांगेवर सकाळी पुन्हा पिशव्या. यांना पाला नाही. एकीवर निळी लोकर, माझ्या स्वेटरची. दुसरीवर लांब काळे केस.

रिपेका उन्हात यायला तयार नाही. थंडी वाजते म्हणून घोंगडी पांघरून बसते आणि तिच्या कडा शिवत राहते. कशाला, विचारलं तर म्हणाली, वारा आत येतो.

१५ ऑक्टोबर

रिपेकासाठी काही उपाय सांग म्हणून हाराता मावशीच्या पाया पडलो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"थांब म्हणायला तुझी बहीण आली नव्हती का? तिचं ऐकलंस? मग माझं कशाला ऐकतोस? जा."

साहेब येऊन गेले. रांग साफ करा नाहीतर घर खाली करा, म्हणाले. खोलीत मात्र डोकावले नाहीत. रुमाल नाकाला लावून गाडीतूनच बोलले.

१७ ऑक्टोबर

दुपारच्या बसने तिला घेऊन निघालो. घोंगडी काही केल्या सोडेना, तशीच चालवत नेली. रस्त्यावर पोचेपर्यंत घोंगडीच्या काठाला बावीस पिशव्या लोंबत होत्या. ड्रायव्हरने त्या पाहिल्या. दार लावून घेतलं. मी काचेवर मुठी मारल्या. आतले सगळे बघत होते. एकही माणूस उठला नाही.

परत येताना तिला उचलून आणावं लागलं. वजनच नव्हतं.

१९ ऑक्टोबर

घोंगडी आता कापडासारखी लागत नाही. आतून रेशीम चढलंय. तोंडापुरती फट आहे. पाणी घातलं, तसंच बाहेर आलं. चुलीतल्या काटक्या तिने — कधी घेतल्या? अंगभर चिकटल्या आहेत.

डबे सगळे ओढ्यात फेकले. एकही जाळणार नाही. मोठ्याने सांगितलं, तीनदा. ऐकणारं कोण होतं, ठाऊक नाही.

२० ऑक्टोबर

ती गाते. फटीतून. तोच सूर.

२१ ऑक्टोबर, सकाळ

पतंग. काळे, नर. आधी चार-पाच, आता खिडकी दिसत नाही. भर उन्हात खोलीत अंधार. काचेवर पंखांचा नुसता — पावसासारखा आवाज. फटी चिंध्यांनी बुजवल्या. ती आतून सांगते, खिडकी उघड. माझ्या बहिणीचाच आवाज. लाडीगोडी लावताना काढायची तसा.

दुपार

नाही उघडणार. मेंढ्यांची कात्री आणलीय, मोठी. धार लावली. तिला सांगितलं, रिपू, घाबरू नकोस, हळू कापतो, पायाकडून —

गाणं थांबलं.

दादा, म्हणाली, कापू नकोस. बाहेर काढायला आत मी उरलेच नाही.

मग हे बोलतंय कोण?

कात्री घातली. जातेय. रेशीम उसवतंय. आत ऊबदार — हात घातला. केस लागले. खांदा नाही. पुढे सगळं मऊ, एकच — हलतंय, माझ्या बोटांना धरून — काच तडकली. रिपू, सोड. हात सो