बारवेचा तक्ता

११ एप्रिल १९७१, रविवार

जमणार मला हे! डॉक्टर आज उपकेंद्रावर आले. माझ्या कागदांचा ढीग बघून म्हणाले, "सिस्टर, सगळ्या गावाची माहिती गोळा केलीत, आता तिचं लोणचं घालणार का?" मग खडू घेतला आणि टेबलावरच रेघा मारल्या. डोक्यावर पाणी कुठलं ते – बारव, आड. डाव्या हाताला – नारू झाला, नाही झाला. मध्ये चार चौकोन. प्रत्येक माणूस कुठल्या तरी एकाच चौकोनात बसला पाहिजे. "याला आडवा-उभा तक्ता म्हणतात." बास, एवढंच? मी उगाच घाबरत होते.

इथं नारू फार. पायातून हातभर पांढरा दोरा निघतो, महिना-महिना माणूस खाटेवर. गाव पितं बारवेचं. पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभं राहायचं, घागर बुडवायची. नारूचा पाय त्याच पाण्यात, तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात, आणि वर्षानं त्याच्याही पायातून दोरा. उपाय सोपा – पायऱ्या भिंत घालून बंद, वर रहाट. पण सरपंच आप्पासाहेब ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पुस्तकात आहे म्हणून कोणी भिंत घालत नाही. त्यांच्या गावाचे आकडे त्यांच्यापुढे ठेवा."

ठेवते!

१४ एप्रिल

जयंती. "तपासणी आहे" सांगून बौद्धवाड्यात गेले. चांगुणाबाईंनी हातावर बुंदी ठेवली. त्यांना ठाऊक आहे मी कोण ते. पहिल्याच दिवशी हळूच विचारलं होतं, "बाई, तुमी नेवाशाकडल्या कुन्या गायकवाडाच्या?" मी सांगितलं. त्यांनी कुठं बोलून दाखवलं नाही.

इकडं घरमालकीण मालनबाईंनी कधी विचारलंच नाही. गायकवाड दोन्हीकडं असतात. वर्ष होत आलं – त्यांच्याच माजघराशेजारच्या खोलीत राहते, त्यांच्याच रांजणातलं पिते. मीही बोलले नाही. खोली गेली तर या गावात दुसरी कोण देणार?

१८ एप्रिल, रविवार

बेरीज चुकतेय. ग्रामपंचायतीच्या यादीत माणसं ५४५, माझ्या चौकोनांत ५४८. तीन माणसं आली कुठून? तीनदा खुणा मोजल्या, डोकं फिरलं. शेवटी जुन्या कॅलेंडरची पानं कापून माणशी एक चिठ्ठी केली. खाटेवर चार ढीग लावले. पंखा नाही तेच बरं!

भागिरथी – मालनबाईंची सून, सातवा महिना – दारात बसून बघत होती. म्हणाली, "बाई, पत्त्याचा डाव मांडलाय व्हय?" तिलाही चिठ्ठ्या वाटायला बसवलं. आणि चूक तिनंच धरली. "ही कमळी दोनदा आलीया की! हितं बी अन् सासरी बी." गावातल्या गावात दिलेल्या तीन पोरी – मी माहेरीही मोजल्या, सासरीही!

जुळलं. ५४५. दोघी मोठ्यानं हसलो.

१९ एप्रिल

झोपेतसुद्धा चौकोन दिसले. छान दिसले.

२५ एप्रिल, रविवार

आज फजिती. वयाचाही तक्ता केला होता. नारू झालेले सत्त्याण्णव, त्यात म्हातारे फक्त अकरा. मी ऐटीत लिहिलं – 'म्हाताऱ्यांना नारू कमी होतो.' डॉक्टरांनी चष्मा काढला. "गावात म्हातारेच किती आहेत?" अडतीस. "मग अडतिसातले अकरा म्हणजे?" शेकडा एकोणतीस! सगळ्या गावाचं काढलं तर शेकडा अठरासुद्धा भरत नाही. म्हणजे म्हाताऱ्यांना जास्तच!

"टक्के काढण्याआधी विचारायचं – कशाचे टक्के?" हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय. पुन्हा नाही चुकणार.

२ मे, रविवार

झाला! फुलस्केपचे दोन ताव चिकटवले, लाल शाईनं रेघा.

बारव पिणारे ४१२ – नारू ९७. चौघांत जवळजवळ एक!
आड पिणारे ११८ – नारू शून्य.

वस्तीवरची दोन घरं मोटेच्या विहिरीचं पितात, पंधरा माणसं, तिथंही शून्य. पण दोन घरांवर काय ठरणार. ती खाली वेगळी लिहिली.

आड बौद्धवाड्यातला. दोर सोडून पाणी शेंदायचं, पाय बुडायचा प्रश्नच नाही. चांगुणाबाईंना तक्ता वाचून दाखवला. आधी नीट कळलं नाही, मग कळलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "म्हंजी आमाला बारवंची पायरी चढू दिली न्हाई, म्हनून आमचं पाय शाबूत! आता ह्ये कुनाला सांगायचं गं माय?"

सगळ्यांना सांगायचं.

९ मे, रविवार

चावडीवर सभा. तक्ता भिंतीला लावला. एक-एक चौकोन बोट ठेवून समजावला. लोक पुढं सरकून बघत होते. 'शून्य' म्हटल्यावर कुजबूज झाली. वाटलं, जिंकले!

मग आप्पासाहेब उठले. शांतपणे. "नर्सबाई, तक्ता झ्याक हाय. पर त्यात पान्याचा काय संबंध? त्यास्नी नारू लागतच न्हाई. त्यांचं रगतच येगळं." माना डोलल्या. मी म्हटलं, रक्त सगळ्यांचं सारखंच असतं. ते म्हणाले, "तिकडचा एक तरी मानूस दावा – बारवंचं पानी पिऊन नारू झाल्याला. दुसऱ्या दिशी भिंत घालतो. सबुद हाय माझा."

कसा दाखवणार? त्यांना बारवेवर येऊ कोण देतं!

१० मे

नवा ताव घेतला. बारवेच्या रकान्याचे दोन केले – बौद्ध आणि इतर. 'बौद्ध, बारव पिणारा, नारू झालेला' – हा चौकोन रिकामा. तो रिकामा आहे तोवर पाणी की रक्त, हे माझा तक्ता सांगूच शकत नाही. आप्पासाहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. माणूस हुशार आहे, राग येतो!

खरं तर बारव पिणारी एक बौद्ध बाई या गावात आहे. ती हे लिहितेय. अलीकडं दुहेरी फडक्यानं गाळून पिते, पण गेल्या मेमध्ये आले तेव्हा उन्हानं जीव जात होता. तांब्यावर तांब्या प्यायले, तसंच.

पण मला नारू नाही. आत्ता उठून सांगितलं तर आप्पासाहेबांचंच खरं ठरेल – बघा, वर्षभर प्याली, तरी लागला नाही! म्हणून गप्प बसले.

फक्त म्हणूनच? खोलीचाही विचार आला. आला, कशाला नाकारू.

१६ मे, रविवार

भागिरथीच्या पोटरीतून दोरा निघाला. नववा लागेल आता, आणि पाय टेकवत नाही. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढते मी. ती ओठ दाबून धरते, माझा हात सोडत नाही. मालनबाई उशाशी बसून म्हणतात, "देवाचा कोप." मी म्हटलं, देवाचा नाही, बारवेचा.

९७ खोडून ९८ केले.

२३ मे, रविवार

डॉक्टर म्हणाले, "तक्ता उत्तम आहे. वरती पाठवतो." वरून भिंत येईल तेव्हा येईल. भागिरथीचं बाळ त्याआधी पाणी प्यायला लागेल.

३ जून, गुरुवार

डाव्या घोट्यावर फोड होता, तीन रात्री जळत होता. सकाळी बादलीत गार पाण्यात पाय ठेवला. फुटला. पांढरं टोक बाहेर आलं.

रिकाम्या चौकोनात शाईनं लिहिलं – १.

मालनबाईंना हाक मारून पाय दाखवला आणि मी कोण तेही सांगितलं. त्या रांजणाकडं बघत उभ्या राहिल्या. आतून भागिरथी ओरडली, "बाई, माझी काठी घिऊन जावा!"

चावडी उघडली असेल. निघते.