फियाटचं समोरचं सस्पेन्शन

रोशन,

फियाट घेऊन घुग्घुसला बशीरभाईंच्या गॅरेजात चाललो आहे. जेवून घे.

सोमवारी तू फोनवर हळूच म्हणालास, "सस्पेन्शन झालं ना यार." आईनं विचारलं तर म्हणालास, "गाडीच्या समोरच्या सस्पेन्शनचं बोलून राह्यलो. नवं टाकाचं हाय." जिला तू जन्मभर खटारा म्हणालास, तिच्यावर एवढी माया आलेली पाहून बापाला भरून आलं. तेव्हापासून ऐन ड्यूटीच्या वेळेत तू तिच्याखाली पडून असतोस. काल बशीरभाईंनी वाकून पाहिलं. म्हणाले, "भाऊ, इथी तं एका नटालेही पाना लागला नाई."

सस्पेन्शन हा शब्द नोकरीतही चालतो, हे तुझ्या आईला अजून सुचलेलं नाही. ती शेजारी कौतुकानं सांगते आहे, पोरगा सस्पेन्शन करून राह्यला. तिचं बोलणं खोटं पडू नये म्हणून आज दणकट स्प्रिंगा आणि नवे शॉकअप खरोखरच बसवून आणतो. समोरून बसलेली गाडी संध्याकाळपर्यंत उठेल.

तुझं सस्पेन्शन कधी उठते, अन् झालं काऊन, हे मले एकट्याले सांग.

बाबा