कुसुमची शिडाची फळी

शहागड, रविवार, जानेवारी १९९४

कुसुमला आज गोदावरीवर उभं पाहिलं आणि हेवा वाटला, म्हणून लिहिते आहे. कॉलेजात ती पाण्याला भ्यायची. पोहायला मीच शिकवलं. आता गोव्याहून शिडाची फळी, उभं राहून वाऱ्यावर हाकायची, घेऊन आली. फळी रुंद आहे, मंद वाऱ्यात डुगडुगत नाही. वारा वाढला की सुसाट जाते, वळते मात्र सावकाश. म्हणजे नवशिक्यालाही जमावी. मग मी तीनदा का पडले? पाण्यात पडलेलं शीड दोरीने उचलायचं, तर मी सवयीने नुसत्या हातांच्या जोरावर ती दोरी शेंदत बसले. ती काठावरून ओरडली, "अगं, विहिरीचा पोहरा हाय का तो? हातानं काय ओढून राह्यलीस! मागं झुक, अंगाचा भार दे!" सगळा घाट हसला. चौथ्यांदा उभी राहिले, दहा हात गेले. ती मात्र पैलतीर गाठून आली, केससुद्धा न भिजता. आणि पोहायला मी शिकवलं होतं!

जाताना म्हणाली, "ठेव तुझ्यापाशी, हात बसंल." फळी, शीड, दांडा आणि दोरी माझ्या स्वाधीन केली. मी तिला वाटेसाठी धपाटे दिले. शाबासकी तेवढी दिली नाही.