बाबांनी टिपलेल्या पाट्या

प्रिय ठमे,

हात स्थिर राहीना, म्हणून मी कोपर दाराच्या चौकटीला टेकवलं. तेव्हा कुठे पाटी वाचता आली. फोनचा कॅमेरा धरला की इथली अक्षरं विरघळतात आणि त्यांच्या जागी आपली येतात. हात जरा हलला की आपली पळतात. पाटीवर होतं, ‘या विभागात रोग्याच्या अखेरच्या दिवसांत कुटुंबीयांनी केव्हाही यावे.’ मी फोन खाली घेतला आणि पुन्हा धरला. या खेपेला ‘केव्हाही’च्या जागी ‘कधीही’ आलं. बाकी काही बदललं नाही. मागून सफाईवाली बाई ढकलगाडी घेऊन आली, तिला वाट द्यायला मी बाजूला झाले आणि उगाचच हसले.

तुझ्या बाबांना या खोलीत हलवलं तेव्हा दादा म्हणाला होता, इथे खिडकी मोठी आहे आणि भेटायला वेळेचं बंधन नाही. खरंच होतं ते. खिडकी मोठीच आहे. बाहेर वाहनतळ दिसतो, एक झाड दिसतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, बघ, तुझ्या ओळखीने किती सोय झाली. तो म्हणाला, हो आई, आणि पाण्याची बाटली भरायला गेला. बाटली भरलेली होती.

तू विचारतेस, डॉक्टर काय म्हणतात. डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसून बराच वेळ बोलतात. हळू बोलतात, मधून बाबांच्या हातावर हात ठेवतात. मग दादा आमच्याकडे वळतो आणि म्हणतो, ‘सुधारणा आहे, दम धरायला सांगितलंय.’ बाबा त्याला म्हणाले, ‘केवढी उधळी भाषा रे ही! एवढं बोलून एवढंच? आपली बरी, दोन शब्दांत आटपतं.’ दादा हसला. बाबाही हसले. मीही. त्या बाईच तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना कळलं नाही, असं मला वाटलं.

हे फोनचं दादानेच शिकवलं, आम्ही परदेशात त्याच्याकडे आलो त्याच आठवड्यात. साखर म्हणून मीठ आणशील, म्हणाला. मी साबणाचं खोकं वाचायची, धुलाईयंत्राची बटणं वाचायची. एका बाटलीवर ‘थकलेल्या केसांना धीर द्या’ आलं, तर बाबा टकलावरून हात फिरवून म्हणाले, यांना कोण धीर देणार, हे तर केव्हाच गेले. औषधाच्या बाटल्या मी कधी वाचल्या नाहीत. त्या दादा बघतो, म्हणून. दवाखान्यात मी फोन वर धरलाच नव्हता. आज धरला तो पाण्याचा नळ शोधताना.

बाबांचं मात्र निराळं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, त्याला कुठलीही लिपी दिसली की फोटो हवा. बेकरीची पाटी, बसथांब्याची पाटी, कुत्र्यापासून सावध राहा. चालता येत होतं तेव्हा रस्त्यात मध्येच उभे राहायचे, लोक वळसा घालून जायचे. दादा वैतागायचा, ‘बाबा, अर्थ तरी कळतो का?’ बाबा म्हणायचे, ‘अक्षर आधी बघायचं असतं. वाचायला सगळेच बसलेत.’ या खोलीत आणलं त्या दिवशीही त्यांनी चाकाची खुर्ची दारात थांबवली. ‘थांब रे, ही घेऊ दे. पोट बघ कसं भरलंय अक्षराचं. ब्रश एकदाही उचललेला नाही.’ दादाचे हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झालेले मी पाहिले. मला वाटलं, ओझ्याने.

फोन आमचा दोघांत एकच. आज खोलीत परत आले तेव्हा ते झोपले होते. मी ते जुने फोटो उघडले, कशासाठी ते सांगता येत नाही. फोनने ज्याचं ज्याचं भाषांतर केलं, ते तो एकीकडे जपून ठेवतो, हे मला आज कळलं. त्यात माझं साबणाचं खोकं होतं. धुलाईयंत्र होतं. मग मी न वाचलेल्या औषधाच्या बाटल्या होत्या, एकेक, दोन्ही बाजूंनी. सुईला जोडलेली पिशवी होती. आणि ही पाटी होती, खोली बदलली त्याच दिवसाची. फोटो सरळ आला आहे, कडा समांतर. त्यांचा हात हलला नव्हता.

म्हणजे त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. त्यानंतर रोज ते तुझ्याशी फोनवर बोललेत. ‘मजेत’ म्हणालेत, नातवाचं नाव काय ठेवायचं यावर तुझ्याशी भांडलेत. दादा त्यांना जपतो, ते दादाला जपतात. आता मीही त्यांच्या रांगेत जाऊन बसले. संध्याकाळी दादा येऊन गेला. बाबांनी त्याला विचारलं, घरी कधी सोडतील? तो म्हणाला, बघू, पुढच्या महिन्यात. बाबा ‘बरं’ म्हणाले. इतक्या चांगल्या रीतीने ‘बरं’ म्हणाले की मला तिथून उठावं लागलं.

दादाचं आधीपासून म्हणणं, तुझं बाळंतपण होईपर्यंत तुला काळजीचं काही कळू द्यायचं नाही. तुला प्रवास बंद केला आहे, मग सांगून काय करणार? मी ते मान्य केलं होतं. आता करत नाही. फोनवर मला हे जमणार नाही, मी मध्येच रडेन आणि तू त्या अवस्थेत माझी समजूत काढत बसशील. म्हणून लिहिते आहे. या पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. भाषांतर लागणार नाही, अक्षर तेवढं माझं आहे, सोसून घे. तुला ये म्हणत नाही. फोन कर. दुपारी कर, दादा कामावर असताना. ‘कसे आहात’ विचारू नकोस, ते ‘मजेत’ म्हणतील आणि दोघं तिथेच अडकाल. सरळ म्हण, बाबा, मला माहीत आहे. माझ्याने ते होत नाही. मी बोलले की ते मलाच सांभाळायला लागतील. तुझ्यापुढे मात्र त्यांना कधी सोंग आणता आलं नाही, तू लहान होतीस तेव्हापासून. त्यांना एका तरी माणसाशी खरं बोलून जाऊ दे.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई

सकाळी. पानांचे फोटो काढायचे राहिले होते, ते आत्ता काढते आहे. पहाटेपासून बाबांची वाचा गेली आहे. डोळे मिटलेले आहेत. डॉक्टरीणबाई बोलल्या ते मी दादाला विचारलं नाही, त्यांच्यासमोर फोन धरला, त्यांनी त्यात टाइप करून दाखवलं. ऐकू येत असावं, असं त्या म्हणतात. तू दुपारपर्यंत थांबू नकोस. मी फोन बाबांच्या कानाशी धरते.